जाड केबल, जुनं टर्मिनल

दि. ६ फेब्रुवारी

चि. टिल्लू हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारचा माणूस सगळा वेळ माझ्या खांद्यावर झोपला आणि उतरताना मलाच म्हणाला की आजोबा, जरा नीट बसत जा. घरी तुझ्या आईनं दारातच विचारलं, पोरीनं दमवलं का. मी म्हटलं, पोरीनं नाही, पोरीच्या पिकअपनं.

आता मुद्द्याचं. सकाळी गाडी गार असताना स्टार्टर कसा फिरतो, ते खरं खरं लिही. आधी कण्हत कण्हत फिरायचा, अजून तसाच फिरत असेल तर माझी मेहनत पाण्यात गेली. बॅटरीपासून स्टार्टरला जाणारी जुनी केबल मी सोलून बघितली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, बोटानं चुरा होत होता. तशा केबलमधून करंट जाणार तरी कसा? तू जाड केबल आणलीस ते चांगलं केलंस. पण तिच्याबरोबर नवी टर्मिनलंही आणायला निघाली होतीस, ती काही मी आणू दिली नाहीत. बॅटरीच्या डोक्यावरची ती पितळी टर्मिनलं मी आपल्या दुकानात बसवलेली, गाडी दुकानाची होती तेव्हा. तसलं पितळ आता बघायलाही मिळत नाही. जाड केबल त्यांच्या भोकात जाईना, तर कडेकडेच्या तारा छाटल्या आणि हातोडीनं ठोकून बसवली. डोकं चालवावं लागतं, बाईसाहेब.

माझे हात थरथरत होते ते तू बघितलंस, मला कळलं. टॉर्च धरून उभी होतीस आणि चक्क गप्प होतीस, तेव्हाच ओळखलं. पण इतकी वर्षं ज्या हातांनी गाड्यांच्या वायरिंगवर घर चालवलं, ते काम विसरत नाहीत. खरं सांगू? दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलो असं वाटलं. म्हणून हे पाल्हाळ.

फोन करू नकोस. मला नीट ऐकू येत नाही, मग तुझी आई तुझं बोलणं मला ओरडून सांगते आणि घरातलं सगळं गल्लीला कळतं.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा आळस करू नये.
तुझा,
बाबा

दि. १३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी चादरींच्या गठ्ठ्यांत गळ्यापर्यंत बुडाले होते. हॉस्पिटलनं एक मजला रंगवायला काढलाय, त्यामुळे तिथल्या सगळ्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे एकदमच आमच्या लाँड्रीत येऊन पडलेत. इस्त्रीवाल्या बायका माझ्यावर डाफरतात, जसं काही रंगकाम मीच काढलंय.

गाडीचं विचारलंत. गाडी एका झटक्यात सुरू होते. अगदी गार असली तरी. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकावरचा वॉचमन परवा म्हणाला की पूर्वी तुमची गाडी खोकत यायची, आता आली कधी ते कळत नाही. केबल गरम होत नाही, दिवे मंद होत नाहीत. कुठल्या मिस्त्रीला दाखवायची वेळच आली नाही. तुमच्या हाताला तोड नाही, बाबा.

पण आता पुरे. तुम्ही दिवसभर वाकून काम केलंत, रात्री पाठीला शेक द्यावा लागला, हे मी विसरलेले नाही. आता आराम करा, आईला पेपर वाचून दाखवा, तिच्याशी भांडा. अशी कामं अंगावर घेऊ नका. मला उगीच काळजी लागते.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
टिल्लू

दि. २० फेब्रुवारी

चि. टिल्लू हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते तुझी आई सांगेल, मी सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या बाकावर आमची म्हाताऱ्यांची बैठक असते, तिथेही वाचून दाखवलं. वॉचमनचं वाक्य सगळ्यांना आवडलं. एकजण कुजकटपणे म्हणाला, लेकच ती, बापाचं कौतुक नाही करणार तर कुणाचं करणार. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, गाडी रोज चालते आहे की.

आणि ऐक. आपल्या गल्लीतली बालवाडीची मुलं नेणारा व्हॅनवाला तिथेच उभा होता. त्याचीही व्हॅन जुनी, सकाळी सुरू होता होत नाही, मुलं आत बसून ठणाणा करतात आणि आया घड्याळ बघतात. त्यानं तुझं पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं आणि मला म्हणाला की आजोबा, माझंही एवढं करून द्या. पैसे घेणार नाही असं मी आधीच सांगून टाकलंय. जाड केबल तो आणणार, टर्मिनलं माझ्याकडची. मोरीच्या वरच्या फळीवर डबाभर पितळी टर्मिनलं अजून पडून आहेत. तुझ्या गाडीला केलं अगदी तसंच करायचं, तारा छाटून, ठोकून. रविवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा करीन म्हणतो.

पाठीचं म्हणशील तर पाठ मस्त आहे. माणसाला काम नसलं की पाठ दुखते.

कळावे, आणि आपल्या म्हाताऱ्याला असंच कळवत राहावे.
बाबा

ता. क. टिल्लू, ह्यांचं पत्र पाकिटात घालताना मी हे खाली लिहिते आहे. सुईत दोरा ओवायला हे मला हाक मारतात आणि व्हॅनच्या तारा मोजायला निघालेत. पण तुझं पत्र आल्यापासून सकाळी दाढी करताना शीळ घालतात. मला काही नको म्हणवेना. तूच काय ते लिही. आई.

दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

व्हॅनला हात लावू नका. आधी एवढं वाचा, मग बाकीचं.

आईला मी फोन करून तेवढंच सांगितलं. बाकीचं तिला ओरडून सांगायला लावणं माझ्याच्यानं झालं नाही.

बाबा, मी तुम्हाला खोटं लिहिलं. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या मागच्या फाटकात मी गाडी सुरू करायला गेले, तर बॉनेटमधून धूर आला. टर्मिनलजवळचं केबलचं रबर वितळून बॅटरीवर ओघळलं होतं. मागे धुतलेल्या चादरींचा ढीग, त्या सगळ्यांना जळक्या रबराचा वास लागला, त्या परत धुवाव्या लागल्या. वॉचमननं वाळूची बादली आणली. गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी लागली. त्यानं केबल नुसती धरून ओढली आणि ती टर्मिनलमधून सुटून आली. केबल जाड, पण टर्मिनलच्या आत निम्म्याच तारा होत्या. सगळा करंट तेवढ्याच तारांतून जायचा, म्हणून तिथेच तापलं. तारा कधी छाटायच्या नसतात, केबलच्या मापाचं टर्मिनल घ्यायचं असतं, असं तो म्हणाला. त्यानं नवी टर्मिनलं मशीननं दाबून बसवली. गाडी एका झटक्यात सुरू होते ती त्याच्या हातानं. वॉचमन म्हणाला ते खरं आहे, पण ते कौतुक तुमचं नव्हतं.

एवढंच असतं तर मी कधीतरी तुम्हाला हळूच सांगितलंही असतं. पण पुढचं मला लिहितानाही लाज वाटते.

मिस्त्रीनं विचारलं, हे काम केलं कुणी. गॅरेजमध्ये चार माणसं उभी होती. मी म्हणाले, रस्त्यावरचा कोणीतरी होता. तो केबलचं टोक सगळ्यांना दाखवत म्हणाला, मोठं घर पोकळ वासा. सगळे हसले. आणि बाबा, मीही हसले. नुसती हसले नाही, वर म्हणाले की हो ना, अशी माणसं गाडीला हात लावतातच कशाला.

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तुम्ही मला गाडी शिकवलीत, माझे पाय क्लचला पोचत नव्हते तेव्हा पाठीशी उशी ठेवलीत. मी स्वतःला समजावत राहिले की झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबांचं मन कशाला मोडायचं, त्यांना कौतुकाची चार वाक्यं लिहावीत. पण ते तुमच्यासाठी नव्हतं. त्या गॅरेजमध्ये मला तुमची लाज वाटली होती, ती झाकायची होती. आता मला माझी वाटते आहे. माझ्या त्या खोट्या पत्रावर विसंबून तुम्ही मुलांची व्हॅन उघडणार, हे वाचलं आणि आधी फोन उचलला.

रागवा, काय हवं ते लिहा. पण लिहा.
तुमची,
टिल्लू

दि. ४ मार्च

चि. टिल्लू,
आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तुझा फोन आला तोवर काम होऊन गेलं होतं. व्हॅनवाल्याला रविवारी पाहुणे येणार म्हणून त्यानं व्हॅन शनिवारीच आणली. काम झाल्याचं तुझ्या आईला तोवर माहीत नव्हतं. तिनं फोनचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, तू पाठीची काळजी करते आहेस. मी उलट म्हणालो, तिला सांग, व्हॅन पळते आहे.

पत्र सकाळी आलं. उभ्यानंच वाचलं आणि तसाच चपला घालून निघालो. कोपऱ्यावर व्हॅनमध्ये मुलं चढत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मुलांना खाली उतरवायला लावलं. आया काय झालं काय झालं करत होत्या. बॉनेट उघडून टर्मिनलला बोट लावलं तर चटका बसला. केबल सोडवून ओढली, ती माझ्या हातात आली. सगळ्यांदेखत. मी म्हणालो की हे काम माझं आहे आणि ते वाईट आहे, नवी टर्मिनलं नीट बसवल्याशिवाय ही व्हॅन चालवायची नाही. वाटलं, व्हॅनवाला चिडेल. तो म्हणाला, जाऊ द्या आजोबा, वयच झालंय. चिडला असता तर बरं झालं असतं. बाकावर मी अजून गेलेलो नाही. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं म्हणतात, ते काय असतं ते आत्ता कळलं.

मुलं व्हॅनमध्ये बसली होती, टिल्लू. डोळे मिटले की तीच दिसतात. तू पत्र आणखी लांबवलं असतंस तर मी काय करून बसलो असतो. तू उशीर केलास ह्याचा मला राग आहे, तो लपवत नाही. टॉर्च धरून उभी होतीस तेव्हाच म्हणायचं होतंस, बाबा, तारा छाटू नका. मी आरडाओरडा केला असता, पण काम थांबवलं असतं. डोळ्यांना दिसेना, हात ऐकेनात, हे मला आधीच माहीत होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. तेव्हा खोटं बोलायला तू काही शेजाऱ्यांकडून शिकलेली नाहीस.

मिस्त्रीबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. असलं काम माझ्या दुकानात आलं असतं तर मीही हसलो असतो, हसलोही आहे. पण रस्त्यावरचा कोणीतरी, हे मला गिळता येत नाही. तुझी आई म्हणते, पोरगी आहे, घाबरली, सोडून द्या. सोडायला बघतो आहे. सुटत नाही.

म्हणून मी येतो आहे. पुढच्या सोमवारच्या बसनं. मला त्या मिस्त्रीकडे घेऊन जा. त्याचं दाबायचं मशीन मला बघायचं आहे, आणि टर्मिनलचं माप कसं घेतात ते त्याच्याकडून समजून घ्यायचं आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर त्याला सांग की ती केबल ह्यांनी बसवली होती आणि हे माझे वडील. चार माणसं उभी असतील तर त्यांच्यासमोर सांग. तो कदाचित पुन्हा हसेल. हसू दे, त्याचा तो हक्क आहे. तुझा नाही.

लोभ आहे, तो काही तुटलेला नाही.
तुझा,
बाबा