बरणीतली थोटकं

४ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुम्ही छातीच्या वॉर्डात परिचारिका, म्हणून तुम्हालाच लिहिते. इतरांना सांगायची लाज वाटते. तुमच्या भावांनी सिगारेट सोडून आठवडा झाला. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या खाकरतात, उठून बेसिनमध्ये थुंकतात आणि पाणीही टाकत नाहीत. शी! गिऱ्हाइकांवर खेकसतात, माझ्यावर तर विचारूच नका.

पुन्हा ओढू नये म्हणून मी गॅलरीतली जुनी थोटकं बरणीत भिजत घातली आणि जेवताना त्यांच्यापुढे ठेवली. झाकण उघडताच मलाच ओकारी आली. वाटलं, यांनाही येईल. हे मात्र बरणीवर वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि भरल्या ताटावरून उठून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आता त्यांच्या शेजारी झोपवत नाही. तुमच्याकडे राहायला येऊ का? कायमची म्हणते.

तुमचा लोभ तरी स्वच्छ आहे, तो राहू द्यावा.
तुमची भावजय

९ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

खुशाल ये. पण बाई, उपाशी माणसापुढे तूच ताट वाढलंस की गं! तुला ती घाण, त्याच्या मेंदूला ते आमंत्रण. निकोटिन मिळेनासं झालं की माणूस असाच पिसाळतो. खोकलाही सुरुवातीला वाढतो, छाती साफ होत असते. थुंकीची भांडी बघून मलाही अजून मळमळतं, तेव्हा तुला खोटं ठरवत नाही.

बरणी फेक, पडदे धू. तल्लफ थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ त्याच्याजवळ बस. डॉक्टरांना निकोटिनच्या च्युइंगमचं विचार. एकदा ओढली म्हणून सगळं मुसळ केरात गेलं असं नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी नणंद

२० मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

बरणी फेकली, हात तीनदा धुतले. डॉक्टरांनी च्युइंगम दिलं आहे. हे ते गुरासारखं रवंथ करतात, बघवत नाही. परवा म्हणाले की बरणीचं काही नाही, पण तू तोंड फिरवतेस तेव्हा फार ओढावीशी वाटते. मला वाईट वाटलं, रागही आला.

काल कोट बेतताना तल्लफ आली. कात्री टाकून त्यांनी माझा हात धरला. घामट तळवा, पिवळी नखं, तोंडाला तो आंबूस वास. मला किळस आली, खोटं कशाला सांगू? पण तल्लफ ओसरेपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.

इतक्यात येत नाही. आमच्या दोघांवर लोभ असू द्यावा.
तुमची भावजय