खाली बस, मांडी घाल

आबा,

आज गुरुवार. दुपारी पावणेचार वाजता मी सांगलीच्या कोर्टाच्या आवारात नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होतो. डाव्या हातात सळई घातल्यापासून ओंजळ नीट मिटत नाही, त्यामुळे निम्मं पाणी शर्टावर सांडलं. माझी साक्ष झाली होती. आता साडेपाच वाजलेत आणि मी एसटी स्टँडवर कराडच्या गाडीची वाट बघत बसलोय. आईला फोन करून 'झालं नीट' एवढंच सांगितलं. बाकीचं तुम्हाला सांगायचं आहे, कारण गावात वीस वर्षं पोलीस पाटील म्हणून राहिलेल्या माणसाशिवाय ते दुसऱ्या कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

तुम्ही गेलात त्या वर्षी माझी बारावी राहिली ती राहिलीच. शिरवळला एका कंपनीत कंत्राटावर काही वर्षं काढली. ते कंत्राट संपलं तेव्हा एका ठेकेदाराकडं घरपट्टीच्या मोजणीचं काम मिळालं. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू. घर मोजायचं, खोल्या लिहायच्या आणि दारावर खडूनं नंबर टाकायचा. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी अजून अर्ध्या वाटेतून परत येतो. ज्या घरांना कुलूप असेल तिथं पुन्हा जावं लागायचं, आणि एकही घर सुटू नये म्हणून मी अशा दारावर नंबराशेजारी एक फुली मारायचो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच युक्ती होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता. म्हणजे बघा आबा, बंद घर दिसलं की मी त्याच्या दारावर फुली मारत पुढं जात होतो, आणि यात काही चुकतंय असं महिनाभर माझ्या मनातही आलं नाही.

पलूसच्या पुढं एक वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी तिथं गेलो. त्या आठवड्यात तिथल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता: चोरांची टोळी दिवसा येऊन घरांवर खुणा करते आणि रात्री परत येते. मी तो पाहिला नव्हता. पहिल्याच आळीत एका मावशींनी मला सावलीला बोलावून तांब्याभर पाणी दिलं. म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं काय मोजतोस रं पोरा? भिंती काय पळून जात्यात व्हय?" मी हसलो. त्यांच्या घराचे दोन खण, एक पडवी, सगळं मोजून घेतलं. तिथून पिठाच्या गिरणीपाशी येईपर्यंत माझ्यामागं मोटरसायकलवर दोघं आले.

"ए, काय लिवतोय रं?"

"घरपट्टीची मोजणी आहे."

"मग ही फुली कशापायी?"

"घर बंद आहे म्हणून."

अगदी खरं उत्तर दिलं मी. ते ऐकून दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं शिट्टी मारली. गोठ्यातून, दुकानातून, पारावरून माणसं आली, तीसएक तरी असतील. मी ओळखपत्र पुढं केलं. कुणीतरी म्हणालं, "असली कार्डं झेरॉक्सवाल्याकडं ईस रुपयात मिळत्यात." ठेकेदाराला फोन लावला, त्यानं उचलला नाही. लोक जवळजवळ येत होते, पण तोपर्यंत माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. आणि मी खाली बसलो. मांडी घातली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली.

मी पाचवीत आहे. शाळेला निघालोय. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरताना सापडलेल्या एका माणसाला पंधरा-वीस जण ओढत आपल्या अंगणात आणतात. त्याचा सदरा फाटलाय. तुम्ही दात घासताय. चूळ भरता, तोंड पुसता, आणि त्याला एवढंच म्हणता, "खाली बस. मांडी घाल. हात गुडघ्यावर." तो बसतो. मग तुम्ही आत हाक मारता, "च्या टाक गं, ईस माणसांचा." कुणीतरी ओरडतं, "आवं पाटील, चोराला च्या?" तुम्ही म्हणता, "तुला बी देतो की. पर बसून प्यायचा. उभ्यानं मिळायचा न्हाई." एकेक जण खाली टेकतो. विहारामागच्या आपल्या अंगणात ज्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, ती माणसं त्या सकाळी आईच्या हातचा चहा फुंकून फुंकून पितात. सगळे बसलेत. तुम्ही एकटे उभे आहात, त्या माणसाच्या शेजारी, खांद्यावर टॉवेल. तालुक्याहून पोलिसांची गाडी यायला दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात त्याला एकही चापट बसत नाही. संध्याकाळी मी विचारलं, "त्यानं चोरी केली नव्हती का?" तुम्ही म्हणालात, "केली हुती की." आणि मग, "उभ्या माणसाचा हात सुटतो. बसलेल्याला मारायला जीव धजत न्हाई. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं, आबा. मी बसलो आणि त्यांनी मला मारलं. पहिला फटका ठिबकच्या पाइपचा होता, डाव्या कानावर. त्यानंतर किती जणांनी, कशानं मारलं, ते मला सांगता येत नाही. एक आठवतं: मी मांडी सोडली नव्हती. मला वाटत होतं, मी नीट बसलेलो नाही का? हात गुडघ्यांवर नाहीत का? मी हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवत होतो.

पलीकडच्या गावात समन्स देऊन एक महिला पोलीस शिपाई स्कूटीवरून परत चालली होती. एकटीच. तिनं मला कॉलरला धरून फरफटत गिरणीत नेलं आणि स्वतः दारात उभी राहिली. मी आत पोत्यांना टेकून पडलो होतो, तोंडात पीठ आणि रक्त. बाहेरचं बोलणं एका कानानं ऐकू येत होतं.

"बाई, बाजूला व्हा. चोर हाय त्यो. तुमास्नी लागंल."

"चोर असला तर माझा हाय, तुमचा न्हाई. आन लागलं तर लागू दे, आधी तुझंच नाव लिवते. बोल, नाव काय तुझं?"

ते नाव काही आलं नाही. "तुझं? आन तुझं रं, निळ्या शर्टाचं?" ती एकेकाला विचारत होती, आणि विचारलं की माणूस एक पाऊल मागं जात होता. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तशीच नावं विचारत राहिली. एवढा वेळ घसा कसा टिकला तिचा, कुणास ठाऊक.

दवाखान्यात माझा जबाब घेतला. हवालदारांनी 'खडू' ऱ्हस्व लिहिला होता. ओठ शिवलेला, म्हणून मी बोटानं ते दाखवलं. ते म्हणाले, "मर्दा, जित्ता हायस त्ये बघ आधी." पण दुरुस्त करून दिलं.

आज केस उभी राहिली. आरोपी चार. त्यातला पाइपवाला बावीस वर्षांचा आहे. कोर्टाच्या फाटकापाशी माझ्यापुढं एक बाई आल्या, हातात पाण्याची बाटली. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "त्यो पाइपवाला माझा पोरगा हाय. भरतीची तयारी चाललीया त्येची, पळण्यात पयला येतो. शिक्षा लागली तर समदं ग्येलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं पाणी पिलास तू त्या दिवशी." मला एकदम तो तांब्या दिसला. ज्या घरातून पाणी आलं त्याच घरातून पाइप आला होता आणि मला ते दोन वर्षं माहीत नव्हतं.

सरकारी वकिलांनी मला आधी बजावलं होतं: विचारलं तेवढंच बोलायचं, लोकांच्या मनात काय होतं असं विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं. आरोपींचे वकील शांत माणूस आहेत. ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते, म्हणून मला दोनदा 'पुन्हा सांगा' म्हणावं लागलं. त्यांनी विचारलं, फुली फक्त बंद घरांवरच मारत होता ना? हो. ठेकेदारानं तसं सांगितलं होतं का? नाही. गावात चोरीची भीती होती, हे आता तुम्हाला माहीत आहे ना? हो. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग या मुलांना तुम्ही खरोखरच चोर वाटला असाल, की नाही?"

मी त्या चौघांकडं बघितलं. आणि 'हो' म्हणालो. सरकारी वकिलांनी फाइल टेबलावर आपटली. पण आबा, मी दुसरं काय म्हणणार होतो? आपल्या गल्लीत कुणी अनोळखी माणूस बंद घरांवर फुल्या मारताना दिसला असता तर मीही ओरडलो असतो. मला धक्का बसला तो पुढं. माणूस खरोखर भ्याला असेल आणि त्याच्या भीतीला काही आधार असेल, तर स्वतःला किंवा घरादाराला वाचवायला त्यानं उगारलेला हात गुन्हा ठरत नाही, अशी कायद्यातच सोय आहे. वकील ते न्यायाधीशांना समजावून सांगत होते आणि मला ते पटत होतं. माझाच हात मोडलेला, आणि मीच मान हलवत होतो. मग ते म्हणाले, तुम्ही दगड उचलायला खाली वाकलात, म्हणून घाबरून त्यांनी पाइप मारला.

"नाही. मी मांडी घालून बसलो होतो. हात गुडघ्यांवर होते."

न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "मार कधी बसला? बसण्याच्या आधी की नंतर?"

"बसल्यावर. उभा होतो तोपर्यंत कुणी हात लावला नव्हता."

त्यांनी ते वाक्य सावकाश टंकलेखकाला सांगितलं. खोलीत फक्त कळांचा आवाज. त्या पाइपवाल्या पोरानं मान खाली घातली. शिक्षा होईल की नाही, मला ठाऊक नाही. निकालाला अजून वेळ आहे. पण त्याच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

माझ्यानंतर त्या शिपाई बाईंची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसून ऐकली. दोन वर्षं मी मनाशी धरून होतो की गर्दीत एका माणसानं तरी माझं तोंड बघून ओळखलं, हा पोरगा तसा नाही. आईलाही मी तेच सांगितलं होतं, आणि आईनं त्या बाईंसाठी विहारात मेणबत्ती लावली होती. आरोपींच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "तुम्ही तिथं पोहोचलात तेव्हा तुम्हाला स्वतःला हा माणूस काय वाटला?"

"चोर वाटला," त्या म्हणाल्या. जरासुद्धा थांबल्या नाहीत.

"चोर वाटला?"

"हो, साहेब. म्हणून तर दारात उभी राहिले. साधा माणूस वाटला असता तर लोकांना समजावलं असतं."

आबा, बाकाची कड मी इतकी घट्ट धरली की मोडलेला हात ठणकायला लागला. तिनं मला ओळखलं नव्हतं. तिलाही मी चोरच वाटलो होतो, आणि चोरासाठीच ती एकटी तीस माणसांपुढं उभी राहिली होती. मग मला तुमचं 'केली हुती की' आठवलं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या सकाळी आपल्या अंगणात बसण्यानं जादू केली. तुम्ही मला बसायला शिकवलंत. तुम्ही शेजारी उभे होता, ते शिकवायचं राहिलं, की मीच बघितलं नाही?

बाहेर त्या शिपाई बाई स्कूटीला किक मारत होत्या. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आवं, मी बी लय भ्याले होते. पाय लटालटा कापत होते. दाराला धरून होते म्हणून उभी दिसले." आणि गेल्या. मी नळावर आलो. त्या मावशी पायरीवर बसल्या होत्या, भरलेली बाटली शेजारी. त्यांनी ती पुढं केली नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. ओंजळीतलं पाणी सांडत होतं ते त्या बघत होत्या, एवढं मला कळत होतं.

गाडी लागली आहे. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, पण एक लिहायचं राहिलं. आई सगळ्यांना सांगते की पोराला वेळेवर बापाची शिकवण आठवली म्हणून तो खाली बसला. हे तिला मीच सांगितलं. कोर्टात मला कुणी 'का बसलात' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. आधी गुडघे गेले, आबा. मांडी त्यानंतर आपसूकच घातली गेली. तुमची आठवण पाइप बसल्यावर आली.