खुर्चीपासून पडद्यापर्यंत

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे रोज ठरवतोय की आज तुला लिहायचं, आणि रोज काहीतरी आडवं येतं. आडवा येणारा बहुतेक मीच असतो, ते सोड. पण परीक्षा होईपर्यंत फोन कपाटात ठेवायची शपथ तू घेतलीयस म्हटल्यावर कागदाला पर्याय नाही.

बातमी ही की तुझ्या भिंगरीला नोकरी लागली. कॉम्प्युटरवर परीक्षा होतात त्या केंद्रावर. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळवायचं, कच्च्या कामाचे कागद वाटायचे, शेवटी मोजून परत घ्यायचे. बारावीत गटांगळ्या खाल्लेला मी पदवीवाल्यांचे खिसे तपासतोय. हस पोटभर.

काल एमबीएची प्रवेश परीक्षा झाली. तुझी नव्हे, दुसऱ्या कॉलेजची. ताई, मी इतका भटकलो, पण असं काही बघितलं नव्हतं. ऐंशी माणसं, आणि आवाज फक्त माऊसचा. चाळीस मिनिटं झाली की पहिला भाग आपोआप बंद. राहिलेला प्रश्न राहिला, मागे फिरणं नाही. मी तर तिथेच भोकाड पसरलं असतं. माझ्यासमोर चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांचं गणित अर्ध्यावर असताना पडदा बदलला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, एक श्वास घेतला आणि पुढच्याला भिडल्या. बस्स, एवढंच. माझ्या अंगावर काटा आला. कागदांचा गठ्ठा घेऊन खांबासारखा उभा राहिलो, तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी कोपराने ढोसलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत तू हेच करत असतेस? मला आपलं वाटायचं, तू नुसती वाचतेस.

तुझं केंद्र कुठलं आलं ते कळव. पत्र उशिरा आलं म्हणून लोभात काटछाट करू नकोस.

तुझा,
भिंगरी

११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

केंद्र कुठलं म्हणून वर मलाच विचारतोस? तुझंच! दोन दिवस घरी आला होतास तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होते, म्हणून उरलेला फॉर्म तू भर म्हटलं. तू पत्ता टाकलास स्वतःच्या खोलीचा, आणि केंद्रही तिथलंच निवडलंस. परवा हॉल तिकीट उघडलं तेव्हा उजेड पडला. आता बदलून मिळत नाही, दोनदा विचारून झालं.

गाडीने अकरा तास. म्हणजे तीन दिवस दुकान एकट्या बाबांवर. त्यांचा हात हल्ली कापतो, फ्रेममध्ये काच बसवायचं काम माझंच. त्यांना सांगितलं तर म्हणाले, चष्मे करायला डोळे लागतात, पदवी नाही. आणि मान खाली घालून काच घासायला बसले. तुझा तर त्यांना विषयच नको. तू शिक्षण सोडून गेलास तेव्हापासून तुझं पत्र मी मुद्दाम काउंटरवर उघडं ठेवते, बाबा त्याला हात न लावता भोवतीने फडकं मारतात.

समोरच्या रस्त्यावर झगमगीत चष्म्यांची दोन दुकानं उघडलीत. त्यांच्यापुढे आपलं कसं टिकवायचं ते शिकून मला परत यायचंय, म्हणून दोन वर्षं पहाटे उठले. बाबांना वाटतं, मी निघून जायला बघतेय. तुझ्यासारखी.

तेव्हा यंदा राहू दे. मात्र तुझ्या त्या बाईंचं वाचलं आणि पुस्तकं माळ्यावर टाकायला काढली होती, ती पुन्हा खाली ठेवली. का, ते विचारू नकोस.

वेळेवर जेव. रागावले तरी माया हलत नाही, तूही हलवू नकोस.

तुझी,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझी, शंभर टक्के माझी. तुझं पत्र वाचून डोकंच चालेना. एका मिशीवाल्याला त्याच्या बिनमिशीच्या फोटोपायी दहा मिनिटं दारात ताटकळत ठेवला. शेवटी पर्यवेक्षक बाईंना सांगून टाकलं की माझी बहीण इथे परीक्षेला आहे. त्या म्हणाल्या, मग त्या दिवशी तुला आत पाऊल टाकता येणार नाही. म्हटलं, बरंच झालं. मी घरी येतो, तीन दिवस काउंटरवर बसतो, बाबा बोलोत न बोलोत. तू माझ्या खोलीवर

ताई, इथपर्यंत लिहिलं आणि दार वाजलं. घरमालकीण असतील म्हणून बनियनवरच उघडलं. दारात बाबा!

दुकानातलाच कोट, खांद्याला पिशवी. पत्ता तुझ्या हॉल तिकिटावरून उतरवून घेतलाय. खोलीतल्या पसाऱ्यावरून नजर फिरवली. नुसतं विचारलं, त्या हॉलमध्ये खुर्चीपासून पडदा किती लांब असतो? मी हाताने दाखवलं, एवढा. तर म्हणाले, हाताने चालत नाही. तू सराव करताना विसाव्या मिनिटाला डोळे चोळतेस म्हणे. नेमक्या त्या अंतराची काच त्यांना स्वतः घासायची आहे, आणि दोनच आठवडे उरलेत. पिशवीतून टेप निघाली. तुझ्या बसण्याची उंची कागदावर लिहून आणलीय. कधी मोजली, देव जाणे. मी तोंड वासून बघतच राहिलो.

तुला फ्रेमा आणायला जातो असं सांगून निघालेत, आणि तुला यातलं काही कळवू नको म्हणाले. म्हणून लगेच कळवतोय.

आज हॉल रिकामा आहे, बाई आत सोडतात का बघू. बाबा चपला घालून जिन्यात उभे आहेत, शर्ट घाल आणि चल म्हणतायत. तू येणार की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही.

बाकी समक्ष.

तुझा,
भिंगरी