उर्वीनं सोडलेला लंबक

७ जुलै, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि मी अजून हवेतच आहे. नांदेडची संघमित्रा आता परळच्या कॉलेजात फिजिक्सची प्राध्यापिका! सखूआत्या मुलाकडे बदलापूरला राहायला गेली, जाताना लालबागच्या चाळीतली खोली मला देऊन गेली. खाली मसाला कुटायचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आधी शिंक येते. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आत्यानं लावले तसेच आहेत. मी फक्त ताजी फुलं वाहिली. शेजारचे मालवणी नाना गॅलरीतून ओरडले, "काय गो, सखूची भाची मां तू?" आणि उत्तराची वाट न बघता चहा घेऊन आले.

विभागप्रमुख विक्रांत सर मवाळ माणूस. तिसऱ्या वर्षाला अरेषीय गतिकी आणि केऑस शिकवा म्हणाले. माझा जीव की प्राण तो विषय. आधी मनमोहन सर शिकवायचे, प्रकृतीमुळे गेल्या वर्षी सोडून गेले. त्यांनी बनवलेला पितळी दुहेरी लंबक अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. एका दांडीच्या टोकाला दुसरी दांडी, दोन्ही मोकळ्या. चालतो का, असं विचारल्यावर विक्रांत सर म्हणाले, चालतो, पण हवाय कशाला.

१० जुलै

वर्ग छान झाला. अर्ध्या वर्गाला ०.४ पासून सुरुवात करायला सांगितली, अर्ध्याला ०.४००१ पासून. कॅल्क्युलेटरवर आलेलं उत्तर पुन्हा फळ्यावरच्या त्याच सूत्रात टाकत जायचं. सुरुवातीला दोन्हीकडची उत्तरं जवळजवळ सारखी, पोरं जांभया देत होती. मग फट पडली, वाढत गेली, आणि शेवटी डावी बाजू एक आकडा ओरडतेय, उजवी भलताच. मागच्या बाकावरचा हेरंब उभाच राहिला. म्हणाला, मॅडम, एवढ्याशा फरकानं?

हो रे, एवढ्याशाच.

उर्वी नावाची दादरची मुलगी उशिरा आली. मांजर बॅगेत झोपलं होतं म्हणे. काल लिफ्ट अडकली होती. रोज उशीर आणि रोज नवं कारण. खाली बसता बसता तिनं विचारलं, मग मी उशिरा आले म्हणून माझं आयुष्य बदललं असेल का? वर्ग हसला. मी म्हटलं, असेलही. मला ती फार आवडली.

१६ जुलै

आज लंबक. खालच्या टोकाला छोटा दिवा लावला, खिडक्या झाकल्या, मोबाइलवर त्याच्या वाटेचा फोटो घेतला. प्रत्येकानं एकाच उंचीवरून सोडायचा. नजरेला हात तिथंच असतो, पण केसभर फरक पडतोच, आणि तेवढ्यानं दर वेळी निराळं जाळं उमटतं. शिकवायला याहून सुंदर काही नाही.

उर्वीनं दोनदा सोडला. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत एक. हेरंब म्हणाला, मॅडम, हिनं कॉपी केली.

२३ जुलै

उर्वी सोडते तेव्हा लंबक तीच वाट धरतो. मुद्दाम वरून सोडायला लावलं, खालून, डाव्या हातानं, डोळे मिटून. थोडा वेळ वेगळा फिरतो, मग ओढल्यासारखा त्याच वाटेवर येतो. असं व्हायला नको. मी तिला पुन्हा पुन्हा सोडायला लावतेय, तीही उत्साहानं येते. दोघींनी मिळून पेपर लिहायचं ठरलंय. फोनवर धाकट्या बहिणीला, प्रितीला सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू जेवतेस ना पण?

३१ जुलै

उर्वी उशिरा आली. मांजर बॅगेत झोपलं होतं म्हणाली.

परवाही तेच म्हणाली होती. कालही. त्याच शब्दांत, मध्ये त्याच जागी हसून. आधी वाटलं, गंमत करतेय. आज मध्येच विचारलं, मांजराचं नाव काय? ती अडखळली, माझ्याकडे बघितलं, आणि वाक्य पहिल्यापासून म्हणाली.

५ ऑगस्ट

उर्वीची आई सीमाताई कॉलेजात आल्या होत्या. घरी दोघीच असतात. पोरगी रोज तेवढेच घास खाते, तेच बोलते, मधूनच थांबते म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. "मॅडम, ती तुमचं नाव खूप घ्यायची. तुम्ही सांगा ना तिला काहीतरी." रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी लंबक भिंतीवरून काढायला लावला. विक्रांत सरांनी कारणही विचारलं नाही. एवढंच म्हणाले की गेल्या वर्षीही काढला होता, काही उपयोग झाला नाही. मी ओरडले त्यांच्यावर.

८ ऑगस्ट

पोरांना मीच शिकवलं होतं की बारीकसा धक्का वाढत जातो आणि सगळं बदलतो. तेच धरून बसलेय. उर्वीला दुसऱ्या रस्त्यानं नेलं. तिचा बाक बदलला. तिच्या कानाशी ताट आपटलं. दचकते, डोळ्यात ओळख येते, मला वाटतं सुटली! आणि मग हळूच परत. प्रत्येक धक्का तिच्यात विरतो.

आणि वाट लहान होतेय. आधी घर ते कॉलेज. आता पलंग ते खिडकी.

१० ऑगस्ट, रविवार

मनमोहन सरांचा पत्ता विक्रांत सरांकडून काढून घेतला. गिरगावात, खोताच्या वाडीत, लाकडी जिन्याचं घर. सर खुर्चीत बसले होते. डोळे उघडे, श्वास चालू. बाकी काहीच नाही. त्यांची बायको दुर्गाबाई त्यांना लांब दांड्याच्या चमच्यानं पेज भरवत होत्या. मी नमस्काराला वाकले तशा किंचाळल्या, "हात लावू नका त्यांना!"

मग सांगितलं. सर हा लंबक महिनोन्‌महिने सोडत होते. त्यांचंही असंच कमी कमी होत गेलं. पुरतं थांबेपर्यंत हात धरला तरी काही होत नाही. थांबल्यावर मात्र जो पहिल्यांदा हात धरेल त्याच्यात ते जातं. त्यांच्या मुलानं, वरदनं धरला. सर उठले, जेवायला मागितलं, घरभर फिरले. आणि वरद त्यांच्यासारखा मंद होत होत या खुर्चीत बसला. तो पुरता थांबला त्या दिवशी सरांनी काही न बोलता त्याचा हात आपल्या हातात घेतला.

वरद आता पुण्याला असतो. येत नाही. दुर्गाबाई म्हणाल्या, मीच येऊ देत नाही.

१४ ऑगस्ट

सीमाताईंना सगळं सांगितलं. पाया पडले अक्षरशः. म्हटलं, उर्वी थांबली की तिचा हात धरू नका, मला फोन करा. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचा हात मी नाही धरायचा, तर कोणी धरायचा?"



उर्वी आता खिडकीपाशीच. उजव्या हाताचा अंगठा तेवढा वरखाली होतो. कमी कमी.

१८ ऑगस्ट

संध्याकाळी सीमाताईंचा फोन. अंगठा थांबला, म्हणाल्या. मी ओरडले, हात नका लावू! टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला अडकली, उतरले, पळत सुटले. दार उघडंच होतं. सीमाताई तिच्यासमोर जमिनीवर बसलेल्या, हात पुढे केलेला.

मी त्यांना ढकललं. जोरात. त्या कपाटावर आपटल्या.

आणि उर्वीचा हात धरला.

गार होता. मग नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही आमच्या घरी? आणि आईला विचारलं, काय गं, तुला काय लागलं, भूक लागलीय मला.

सीमाताई तिला कवटाळून रडत होत्या. मी जिना उतरले. मला काहीच वाटत नव्हतं. बरं वाटत होतं, खरं तर.

२१ ऑगस्ट

हेरंबचा मेसेज. उर्वी कॉलेजात आली. उशिरा. म्हणे रस्त्यात एका आजींचा चष्मा शोधत होती.

नवं कारण. वाचून हसले. मग किती वेळ हसतच राहिले. थांबवता येईना.

२३ ऑगस्ट

आज नानांना तीन वेळा म्हटलं, साखर कमी घाला. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. कॉलेजला निघाले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा निघाले. जिन्यापर्यंतच.

नाना गणपतीला गावी चाललेत. अर्धी चाळ रिकामी. चेडवा, येतंस काय आमच्यांगडे, म्हणाले. मी म्हटलं साखर—

२५ ऑगस्ट

प्रितीचा फोन. येऊ का, म्हणाली. सांगायचं होतं येऊ नकोस. तोंडातून निघालं, मी बरी आहे, तू जेवलीस का. पुन्हा प्रयत्न केला. मी बरी आहे, तू जेवलीस का. ती रडायला लागली. ताई, काय होतंय तुला? मी बरी आहे, तू—

मेसेजही तोच टाइप होतो.

इथं मात्र लिहिता येतंय. अजून.

२७ ऑगस्ट

बाहेर ढोल. सगळं लालबाग रस्त्यावर. आरडाओरडा केला असता तरी कोणाला—

पलंग ते खुर्ची. आज खुर्चीच.

वर्गाला सांगायचं राहिलं. की सगळंच पसरत नाही. काही गोष्टी मिटत मिटत एका ठिपक्यापाशी—

मी थांबेन. चालेल. कोणी हात धरला नाही तर इथंच संपेल हे. माझ्यापाशी. एवढंच हवं.

२८ ऑगस्ट

प्रितीचा मेसेज. बसमध्ये बसलेय ताई, सकाळी पोचते. वाटेत बदलापूरला आत्याकडून दुसरी किल्ली घेते. मी येईपर्यंत घाबरू नकोस.

ती धावत येईल. पहिला माझा हात धरेल. लहानपणापासून तेच करते—

नाही

२९

ढोल. उजाडलं.

बोटं दोनच. हात जड.

जिन्यावर तिची चप्पल वाजतेय.

कोरं पान काढलंय. दारातून दिसेल असं मांडीवर. मोठी अक्षरं. एकच वाक्य, ‘नकोस’पर्यंत पोचलं की पुरं—

प्रिती, माझा हात धर