जर्नलचं कपाट

८ फेब्रुवारी १९५८, चांदा

झाली एकदाची! बेडकाचं हृदय काढलं, शेवटचा प्रयोग उतरवला, जर्नल पूर्ण. आता गिरडकर सरांची सही नि शिक्का, की इंटरच्या परीक्षेला बसायला मोकळा. आकृतीत नावं घालत होतो तर पोचू डोक्याशी येऊन उभा. पोचू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा चपराशी, एटापल्लीकडचा माडिया. गावाहून सांगावा आला, पंडुम आहे, असं कायबाय सांगत होता. शाई वाळायची होती, बेडूक वास मारत होता, ऐकतो कोण! ‘हो पोचू, हो’ करून वाटेला लावला. वही कपाटातल्या ढिगावर ठेवली, जाता जाता पोचूने कुलूप दाबून लावलं.

१३ फेब्रुवारी

पोचू गायब. बेडकांच्या हंडीतलं पाणी कोणी बदललं नाही, दोन मेले. सर विद्यापीठाच्या कामाने नागपूरला, सतराला येतील. किल्ली त्यांच्याजवळ. तोवर जर्नल कपाटात.

१८ फेब्रुवारी

पोचू काल आला आणि आल्या आल्या काढून टाकला. ‘नऊ दिवस विनापरवानगी गैरहजर’ — संस्थेच्या सेक्रेटरींचा हुकूम.

पंडुम म्हणजे नव्या पिकाची पूजा. देवाला दाखवल्याशिवाय नव्या शेंगा हे लोक तोंडात घालत नाहीत. तारीख पंचांगात नसते. गाव बसतं, ठरवतं, बाजाराला आलेल्या माणसाबरोबर सांगावा येतो, की निघायचं. पोचूचं घर पुजाऱ्याचं, त्याच्यावाचून पूजा अडते. हे सगळं आज गिरडकर सरांनी सांगितलं. मी म्हटलं, सर, ते ठीक, पण कागद तर द्यायचा! सर म्हणाले, ‘दिला म्हणतो.’

दिला म्हणतो! मग गेला कुठे? हवेत?

जर्नल सही करून द्या म्हटलं तर, ‘अरे, आज हे पोचूचं निस्तरू दे. उद्या.’

२० फेब्रुवारी

तो उद्या काही उजाडला नाही. आजपासून संप! प्रोफेसर, कारकून, चपराशी, सगळे फाटकाबाहेर सतरंजीवर. पोचूला परत घ्या, तोवर काम बंद. आत प्रिन्सिपॉल आणि हेडक्लार्क दोघेच फिरताहेत.

एका माणसाच्या सणापायी आमची सगळ्यांची परीक्षा टांगणीला!

२३ फेब्रुवारी

सरांच्या घरी गेलो. चहा दिला त्यांनी. चहा काय करू? म्हटलं, सर, किल्ली तुमच्याजवळ आहे, एक मिनिट लागतं.

‘एकच मिनिट लागतं, इसरू. पण ते मिनिट मी दिलं, तर बाहेर बसलेल्या लोकांनी काय करायचं?’

मी बोललोच. बारा मार्चला दुपारी बारापर्यंत फॉर्म आत गेला नाही तर वर्ष गेलं. आणि माझ्याजवळ दुसरं वर्ष नाही! रेंजरच्या ट्रेनिंगला चोवीसच्या वर घेत नाहीत, मला जूनमध्ये चोवीस पुरी होतात. आठ वर्षांचा होतो तेव्हा चिमूरला बेचाळीसचं झालं. बाबा जेलात, शाळेला कुलूप. तिथे दोन वर्षं गेली. मग शाळेसाठी मामाच्या गावी, तिथे पुन्हा खालच्या वर्गात घातलं. दर वेळी कोणीतरी न्यायासाठी लढतो आणि कुलूप माझ्या दाराला! हे सगळं सरांच्या तोंडावर म्हटलं. मला वाटलं किल्ली काढतील. नाही काढली.

२७ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं. ‘कर्तव्यात कसूर करून खोटी सबब सांगणाऱ्या एका चपराश्यासाठी विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये.’ त्रेसष्ट सह्या, पहिली माझी. सेक्रेटरींनी पाठ थोपटली, नोटीस बोर्डावर लावा म्हणाले. घरी येऊन पोटभर जेवलो. बऱ्याच दिवसांनी.

१ मार्च

बाबांचं पोस्टकार्ड. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय, पण बोली बाबांचीच. ‘संपाचं आयकलं. माह्यापायी तुह्या शाळेले कुलूप लागलं होतं, तवा तू रडला, पन मले कधी काई बोल्ला नाईस. आता बी त्या मानसाची चूक हाय का नाई ते पाह्यल्याबिगर कोन्या कागदावर सई करू नोको.’

बाबांना काय! जेलात गेले ते हार घालून घेऊन आले. आणि कार्ड दोन दिवस उशिरा. सही झाली.

३ मार्च

आज चौकशी. सेक्रेटरी खुर्चीत, पोचू उभा. आम्ही पोरं खिडकीशी. आधी माझा अर्ज मोठ्याने वाचला. मग हेडक्लार्कने शपथेवर सांगितलं, कागद आलाच नाही.

‘देलो ना साहेब. बाजारात लिहून घेतलो, आंगठा लावलो, देलो.’

‘कुणाला दिला? नाव सांग.’

पोचू गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. सरांनीसुद्धा हात जोडले त्याच्यापुढे, ‘अरे, सांग ना बाबा!’ तर म्हणतो, ‘त्याचा इसार पडला असंन. त्याचं नुसकान होईन, साहेब.’ आणि खिडकीकडे, सरळ माझ्याकडे पाहतो! लाज नाही काही! तुझ्यापायी इथे माझं वर्ष चाललंय आणि तू माझ्याकडे पाहतोस? मीही पाहिलं, डोळे फाडून. त्यानेच मान खाली घातली.

नाव असतं तर सांगितलं असतं. खोटारडा!

६ मार्च

धुळवड. रंग खेळलो नाही. फाटकावरून जाताना पोचूची बायको सुकरी सतरंजीच्या कडेला बसलेली. पळसाच्या पानात शिजवलेल्या शेंगा पुढे केल्या. ‘पंडुमच्या हायेत, वाळवून ठेवल्या होत्या. आता खाल्ल्या तं चालते, बाबू. पोचू म्हने, बाबूले दे.’ मी काऊन खाऊ? हात मागे घेतला आणि चालू लागलो. पोचू तिथेच होता. ‘बाबूचा पेपर जवळ आला,’ असं तिला म्हणाला.

१० मार्च

संप मोडला. एकेकाला घरी बोलावून नोकरीची भीती घातली. कारकून आधी आत गेले, मग प्रोफेसर. पोचू बाहेरच. सेक्रेटरींनी भाषणात सांगितलं, विद्यार्थ्यांच्या अर्जानेच हा प्रश्न सुटला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

उद्या कपाट उघडणार. आज मात्र घास गोड लागला नाही, का कोण जाणे.

११ मार्च

सरांनी माझी जर्नल काढली, माझ्यासमोर पानं उलटत सही करायला बसले. बेडकाच्या हृदयाच्या पानावरून घडीचा कागद खाली पडला.

‘मेहेरबान हेडक्लार्क साहेब यांसी. गावी पंडुम असल्याने नऊ दिवस रजा मिळावी.’ निळा अंगठा. ८ फेब्रुवारी.

हो पोचू, हो.

सरांनी वाचला. जर्नलवर सही केली, शिक्का मारला, कागद पुन्हा घडी करून जर्नलवर ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

पोचू नि सुकरी सकाळच्या मोटारीने गेले म्हणतात.

उद्या बारापर्यंत फॉर्म. त्याच्यावर सही प्रिन्सिपॉलची, आणि प्रिन्सिपॉल सेक्रेटरीच्या मुठीत. हा कागद दाखवला तर माझ्या फॉर्मचं काय होईल ते मला माहीत आहे. दोन्ही समोर ठेवून बसलो आहे. आधी कोणता नेऊ, हा प्रश्न पडून राह्यला मले! अजून पडून राह्यला! थू!