सोस

प्रिय ताई,

तिसरं कार्ड मी फाडलं तेव्हा संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या लॅटिन-मराठी कोशातला शब्द, ‘पास्सिओ’. नऊ दिवस त्याच्याशी झटते आहे. मी लिहिलं होतं : दुःख, सोसणे, मग भावना, मनाचा विकार, आणि पुढच्या काळात आलेला अर्थ, उत्कट ओढ. संपादक म्हणाले, बाई, एका आईची तीन लेकरं तुम्ही तीन घरांत दत्तक दिलीत, तिघांना एका पंगतीला बसवेल असा शब्द नाही का आपल्याकडे? मी म्हटलं, नाही.

तुझा लिफाफाही नऊ दिवस टेबलावर आहे. बाबांचं बाइंडिंगचं दुकान विकायचा कागद. तुझी सही झालेली, माझी बाकी. तुला सही करायला मीच भाग पाडलं. डॉक्टरांनी तुझ्या हातांच्या अंगठ्यांचा एक्स-रे उजेडात धरला, तेव्हा तू बाहेर होतीस आणि त्यांचं बोलणं मी तुला येऊन सांगितलं.

गेल्या महिन्यात, डॉक्टरांकडे जाण्याआधी, मी दुकानात स्टुलावर बसले होते, तेव्हा तू तो जुना नकाशांचा ग्रंथ शिवत होतीस. सगळी पानं सुटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तुझ्या जागी मी असते तर रद्दीत घातला असता. तू दुमडलेल्या पानांचा एकेक फर्मा मांडलास, दाभणानं भोकं पाडलीस, धागा ओढलास. प्रत्येक ओढीला तुझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटची गाठ मारलीस आणि त्याच ओल्या डोळ्यांनी ग्रंथ उजेडाला धरून बघितलास, कणा सरळ आहे ना. दुखणं कुठे संपलं आणि आनंद कुठे सुरू झाला, मला कळलं नाही. इतकी सफाईदार शिवण मी दुसरी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, किती सोसशील गं? तू हातावरची खळ पुसत म्हणालीस, “अगं डिंके, सोस आहे म्हणून सोसते. शब्दांवर पोट भरतेस आणि एवढंही कळत नाही?” मी हसले. तुझी नेहमीची थट्टा समजले.

आज चौथं कार्ड पुढे ओढलं आणि ते वाक्य ऐकू आलं. सोसणे आणि सोस. दोन्हींचं मूळ एकच, असं मी छापणार नाही. तेवढा पुरावा हाती नाही. पण कार्डावर ‘सोस’ लिहिलं आणि पंगत बसली.

आता कबुली. डॉक्टर ‘काम निम्मं करा’ म्हणाले होते. ‘बंद करा’ हे माझं भाषांतर. तुझं दुखणं मला बघवत नव्हतं, म्हणून मी तुझ्या सुखावरही काट मारली. शब्दांची नोकरी करणाऱ्या बाईनं असं करू नये, बहिणीनं तर नाहीच. कागद सही न करता परत पाठवते आहे. विकायचंच असेल तर आता खरं ऐकून ठरव, मग मी सही करीन. नाहीतर दर शनिवारी येईन. धागा मी ओढेन, गाठ तू मार.

तुझीच, अजून चिकटलेली,
डिंकी

सकाळी : संपादकांनी कार्ड वाचलं, शब्द कुणी दिला म्हणून विचारलं. बाइंडरनं, असं सांगितलं. त्यांनी कार्ड छपाईच्या गठ्ठ्यावर ठेवलं. आता हे पत्र टाकायला खाली उतरते आहे.