तुझ्याकडून आलेलं पोट

आई,

एक गंभीर तक्रार आहे, आणि ती मांडायला तुझ्यावरचं न्यायालय मला माहीत नाही. तुझ्या लेकीनं माझा लोड बळकावलाय. तू सावरीचा कापूस भरून घेतलेला तोच लोड, ज्याला टेकून मी इतकी वर्षं महाडच्या पोरांच्या संस्कृतच्या वह्या तपासल्या, तो सध्या तिच्या गुडघ्यांखाली आहे. मला सोफ्याची उशी मिळाली आहे. तिला टेकून बसलं की पोरांच्या चुकासुद्धा नीट दिसत नाहीत. मी रीतसर निषेध नोंदवला, तर म्हणाली, "दादा, माजं पोट शिवलंय. तुजं काय शिवलंय?" यावर शास्त्रात उत्तर नाही.

तुला मुळापासून सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा धाकटी परकर-पोलक्यात होती. पुढे तिला पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली. भात, नाचणी, शेळ्या, आणि जीप चालवणारा सज्जन नवरा. मागे तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. तिनं तुझ्यासारखं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमच्याकडे आली आणि चपला काढता काढताच माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, जरा हात लावून बघ." मुंबईला नेलं. छाती काढावी लागली. औषधांनी केस गेले, मग केस परत आले.

तू काय केलं होतंस, ते मला सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडाशी दिसतं. दर हिवाळ्यात तू आम्हाला तिथे न्यायचीस, आणि बायकांच्या कुंडातलं तुझं हसणं बाहेर आम्हा पुरुषांपर्यंत यायचं. मग तो एक हिवाळा. तू बाहेरच बसली आहेस, पाणी वाहून जातं त्या ओहळात पाय सोडून, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. मी कॉलेजात, पाठांतराच्या गुर्मीत. विचारतो, "आई, उतरत नाहीस?" तू म्हणतेस, "आज नको. सर्दी हाय." त्या सर्दीनं तुला पुढची दिवाळीही बघू दिली नाही. डॉक्टरांनी पदर बाजूला घ्यायला सांगितला, आणि मग त्यांनीच मान खाली घातली.

धाकटी वाचली, पण साडी नेसायची थांबली. ढगळ कुर्ते घालायची, वर ओढणी. भाऊबिजेला आम्ही तिला हिरवी साडी घेतली. हल्ली साडीला ब्लाउजचं कापड जोडूनच येतं. माझ्या बायकोनं ते हलकेच कापून काढलं, कडेला टीप मारली आणि नारळ-तांदळासोबत साडी तिच्या ओटीत घातली. वाईट हेतू नव्हता गं. शिंप्यापुढे मापाला उभं राहायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच बायकोच्या मनात होतं, आणि मीही मान डोलावली होती. पण पोर तू वाढवलेली. तिनं साडी उलगडली, पदरापासून टोकापर्यंत हात फिरवला आणि थांबली.

"वैनी, खण कुटाय?"

बायको सांडलेले तांदूळ वेचू लागली.

"नाय, नारळ दिलास, तांदूळ दिलेस, खण नाय? म्हंजे मला आता लागनारच नाय, असं तुमचं दोघांचं ठरलं!" हसत बोलली, आणि हसता हसताच ओढणी तोंडाला लावली.

जाताना मला अंगणात गाठून म्हणाली, "दादा, मुंबईची डॉक्टरीण म्हनते, माज्याच पोटाचं काढून छाती घडवता येते. बाहेरचं काय बसवायचं नाय. मी करनार." मी शहाण्यासारखा म्हणालो, "आता या वयात? कोण बघणार आहे?" तिनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मी बघते ना रे. रोज न्हाताना."

त्यानंतर मी या विषयात पांडित्य केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला चित्र काढून समजावलं. ओटीपोटाची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलायची, छातीवर आणायची, आणि ती बारीकशी वाहिनी छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवायची. रक्त वाहू लागलं तर ते मांस जगतं, नाहीतर काढून टाकावं लागतं. तू न पाहिलेले तुझे जावई लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे लावनीच की. रोप मुळासकट उचलायचं, दुसऱ्या खाचरात लावायचं." बाई हसल्या, म्हणाल्या, हो, फक्त चिखल नको. सगळा दिवस लागला. नंतर नर्स थोड्या थोड्या वेळानं येऊन हात लावून बघायची, रंग बघायची, आणि पेनासारखं एक यंत्र टेकवायची. त्यातून आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज यायचा, घुं घुं घुं. पडद्याच्या अलीकडे उभा राहून मी तो ऐकला. धाकटी ग्लानीतच बोलली, "गाडी घाट चढतेय."

आता ती माझ्याकडे आहे. बायका बाळंतपणाला माहेरी येतात, ही पोट कापून आली. कंबरेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत टाके आहेत, त्यामुळे अजून कंबरेत वाकून चालते, आणि निजताना गुडघे उंच लागतात. म्हणून माझा लोड. डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं तरी माझी बायको रोज सकाळी दार लोटून हात लावून बघते, आणि आतून घोषणा होते, "ऊन हाय गो वैनी, सवच्या पान्यावानी!" मी वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. फक्त एकदा म्हणाली, "ऊन माज्या हाताला लागतं. छातीला हात लागलेला कळत नाय. म्हनतात, कळेल किंवा नाय पन." त्या वेळी आमच्या दोघांपैकी कोणी विनोद केला नाही.

एरवी ती फुशारकी मारते. "आईचं पोट हाय हे. जन्मभर चिडवलंत, आता बघा कसं कामी आलं!" खरंच तुझं पोट. निऱ्यांवरून थोडं पुढे आलेलं. तू भाजी निवडायला भिंतीला टेकून बसलीस की मी त्यावर डोकं ठेवून शब्दरूपं घोकायचो, आणि तू म्हणायचीस, "त्यानं पोट भरनार नाय रे." भरलं, आई. फार नाही, पण भरलं.

पण पोट एकटं आलेलं नाही. मुंबईत तिच्या रक्ताची तपासणी झाली. हा आजार पिढीतून पिढीत उतरवणारा दोष तिच्या रक्तात निघाला. बहुतेक तुझ्याकडून आलेला, असं ते म्हणाले. भावातही असू शकतो, आणि भावाकडून त्याच्या मुलीत उतरू शकतो. मी रक्त द्यायचं. माझ्यात नसेल तर माझ्याकडून मुलीत जायचा प्रश्न नाही. असेल तर तिचंही तपासायचं. तुझी नात पुण्याला शिकते. तू तिला पाहिलं नाहीस. चालते अगदी तुझ्यासारखी, पोट पुढे काढून, कुठे तरी भांडायला निघाल्यासारखी. दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, टेस्ट केलीत?" मी म्हणतो, प्रिलिमचे पेपर आहेत गं. "बाबा, प्रिलिम संपून महिना झाला." मग मी तिला जेवलीस का विचारतो.

काल धाकटीनं तो कापलेला खण मागितला. माझ्या बायकोनं जपून ठेवला होता. सूज उतरली की धाकटी तो घेऊन शिंप्याकडे जाणार आहे, मापाला, एकटी.

हे पत्र जायचं कुठेच नाही. लोडाखाली ठेवलं असतं, पण तिथे तिचे पाय आहेत. लोडाचं सोड, आई. राहू दे तिच्याकडे. मी रक्त दिलेलं नाही. बाजारातल्या लॅबच्या दारापर्यंत जातो आणि केळी घेऊन परत येतो. स्वतःसाठी नाही भीत मी. पोरीला मी तुझी चाल दिली, तुझं पोट दिलं. तो दोषही दिला असेल तर तिला कोणत्या तोंडानं सांगू, याची मला भीती वाटते.